तोंडी होकारावर फांदीला हात लावू नका

शेजाऱ्यांचा आंबा तुमच्या गच्चीवर आलाय, पानांनी पन्हळ तुंबते, आणि 'आपल्या हद्दीतलं आपण छाटलं तर चालतं ना?' असं तुम्ही विचारलंय. हाच प्रश्न घेऊन सहा वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात गेलो होतो. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "तुमच्या बाजूला आहे ना? मग छाटा." मी तेवढ्यावर विसंबलो.

जानेवारी होता, झाड मोहोराने भरलेलं. शेजारचे काका गावाला. गड्याने जाड फांदी नुसती वरून कापली. ती निम्मी कापून होते न होते तोच वजनाने खाली आली आणि बुंध्याची हातभर साल सोलून गेली. काका परतले, त्या सोललेल्या जागेवर हात ठेवून उभे राहिले. काही बोलले नाहीत. त्यांनी तक्रार केली ती रास्तच होती. मला नोटीस आली ती त्याच कार्यालयाची: लेखी परवानगी कुठे आहे? खिडकीतला माणूस म्हणाला, मी असं बोललोच नाही. पुढचे आठ महिने हेलपाटे. अजूनही संताप होतो. एका ओळीचं खरं उत्तर दिलं असतं तर झाड वाचलं असतं. त्या जखमेत पुढे भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागली.

मी वकील नाही, तुमच्याकडची पद्धत विचारून घ्या. पण महाराष्ट्रात शहरी भागाला झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा लागू आहे, आणि त्यात 'झाड तोडणे' म्हणजे झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंसुद्धा. हद्द तुमची असली तरी परवानगी चुकत नाही. अर्ज पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे, शक्यतो झाडमालकाच्या सहीने, सोबत फोटो. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आणि त्याआधी शेजाऱ्यांच्या घरी जा. मी ते शेवटी केलं.

छाटणी आंबे उतरल्यावर लगेच करा, उशीर झाला की पुढच्या मोहोराला फटका बसतो. जाड फांदीला आधी खालून तिसरा हिस्सा काप द्यायचा, मग थोडं पुढे सरकून वरून. उरलेलं खुंट शेवटी, फांदी बुंध्याला मिळते तिथली फुगीर कड शाबूत ठेवून. कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप. चीक अंगावर उडू देऊ नका, कातडी भाजते. विजेची तार जवळून जात असेल तर आधी वीज कंपनीला सांगून पुरवठा बंद करून घ्या.