क्रोबार म्हणजे आपली पहारच का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी सातपूर एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरला कामाला आहे. आमच्याकडे मशीनचे पार्ट मोठ्या लाकडी पेट्यांमधून येतात. त्या फोडायला दोन क्रोबार घ्या असा मेल आला, मी डिक्शनरीत बघितलं तर क्रोबार म्हणजे पहार असं दिलेलं, म्हणून गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून पाच-पाच फुटी दोन पहारी घेऊन आलो. आता साहेब म्हणतात हे नाही, वाकडं पाहिजे होतं. मग डिक्शनरी चुकीची आहे का? आणि पहारी परत करू का? (वाचक, सिडको)

उत्तर: डिक्शनरी बरोबर आहे आणि तुमचे साहेबही बरोबर आहेत, कारण क्रोबार या एकाच नावाखाली दोन वेगळी हत्यारं चालतात. आपल्याकडे सरकारी टेंडर असो, बांधकामाच्या सामानाची यादी असो की रेल्वेच्या ट्रॅकमनचं सामान असो, क्रोबार लिहिलं की सरळ लांब पहार समजायची. अमेरिकेत मात्र क्रोबार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो दोन-तीन फुटांचा, एका टोकाला हुकासारखा वाकवलेला आणि त्या टोकाला खिळा पकडायची खाच असलेला बार. आपल्या पहारीला ते डिगिंग बार म्हणतात. वाकड्याला रेकिंग बार किंवा प्राय बार असंही म्हणतात आणि ऑनलाइन मागवताना हीच नावं टाकलेली बरी. आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ७०४ मध्ये, क्रोबार आणि क्लॉ बार अशी दोन्ही नावं वेगवेगळी घेतलेली आहेत, तेव्हा कंपनीच्या इंडेंटमध्ये, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रात, तुम्ही क्लॉ बार लिहिलं आणि सोबत लांबी टाकली तर पुढे घोळ होणार नाही.

आता नाव कुठून आलं ते सांगतो, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे. इंग्रजीत आधी या हत्याराला नुसतं क्रो म्हणायचे, म्हणजे कावळा, टोक कावळ्याच्या चोचीसारखं (काही जण म्हणतात पायासारखं) दिसतं म्हणून. शेक्सपिअरच्या रोमिओ अँड ज्युलिएटमध्ये थडगं उघडायला निघालेला पाद्री लोखंडी क्रो आणायला सांगतो तो हाच. बार हा शब्द त्याला पुढे जाऊन चिकटला. बाकीच्या भाषांतही जनावरंच आहेत, फ्रेंच लोक याला हरिणीचा पाय म्हणतात, जर्मन गाईचा पाय आणि स्पॅनिश शेळीचा पाय, कारण त्यांनी ती दुभंगलेली खाच बघितली आणि त्यांना खूर आठवला. म्हणजे युरोपातली ही सगळी नावं टोकावरून पडलीत, आणि पहारीला तसली दुभंगलेली खाच नसतेच, तिचं एक टोक अणकुचीदार असतं आणि दुसरं छिन्नीसारखं चपटं. डिक्शनरीवाल्यांनी नुसतं पहार लिहून विषय संपवला, शेजारी एक ओळ आणि एक छोटं चित्र दिलं असतं तर तुमच्यासारख्या माणसाची फेरी वाचली असती. हत्यारांच्या शब्दांना आपल्या कोशांत नेहमी अशी दुय्यम वागणूक मिळते आणि मला ते मनापासून खटकतं, कारण हे शब्द रोज हजारो लोकांच्या हातात असतात.

पेटीला वाकडाच बार का लागतो ते एकदा उभं राहून बघा. झाकणाची फळी आणि पेटीची कड यांच्या फटीत चपटं टोक हातोडीने ठोकून घुसवायचं, फळी बोटभर वर आली की बार फिरवून खाच खिळ्याच्या डोक्याखाली सरकवायची, मग बाराचा वाकलेला भाग फळीवर टेकतो आणि तिथून तो तरफेसारखा फिरतो. समजा टेकलेल्या जागेपासून खिळा ४ सेंटीमीटरवर आहे आणि तुमचा हात ८० सेंटीमीटरवर, तर जोर २० पट होतो, म्हणजे तुम्ही २० किलोचा दाब दिला की खिळ्याला ४०० किलोची ओढ बसते, गंजलेला खिळासुद्धा किरकिर आवाज करत सरळ वर येतो. लांब खिळा अर्धा वर आला की वाकायला लागतो, तेव्हा बाराखाली लाकडाचा एक तुकडा सरकवायचा, टेकण्याची जागा उंच होते आणि फळीही दबत नाही. पहारीने हे जमत नाही असं नाही, पण तिला टेकायला वाकलेला भाग नाही, खिळा पकडायला खाच नाही, आणि पाच फुटाचा दांडा पेट्यांच्या रांगेत फिरवायला जागा पाहिजे. झटका बसला तर टोक सरळ आतल्या पार्टवर जातं. गॉगल आणि हातमोजे घाला, खिळा सुटताना उडतो, आणि बार स्वतःच्या तोंडाकडे ओढताना चेहरा कधीही त्याच्या रेषेत ठेवू नका.

पहारीचं काम वेगळं आहे आणि ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागेत मांडवाचे खांब रोवायला मुरमात खड्डे घ्यायचे असतात तेव्हा पहार उचलून सोडायची, तिच्या स्वतःच्या वजनाने ती जाते, हाताने फक्त दिशा द्यायची. नवीन माणूस जोर लावून ठोकत बसतो आणि तासाभरात त्याच्या तळहाताला फोड येतात. वजनाचा हिशोब सोपा आहे, सळईचा साइटवर करतात तोच, मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं वजन. २५ मिमीची गोल पहार मीटरला साधारण ३.८६ किलो भरते, दीड मीटरची पावणेसहा किलोच्या आसपास. खाली काळा पाषाण लागला की टोक बोथट होतं, मग लोहाराकडून ते ठोकून आणि पाणी देऊन आणायचं.

म्हणून पहारी परत करू नका, स्टोअरला असू द्या. जड मशीन बेसवर इंच-दोन इंच सरकवायचं असतं, खाली पाइप घालण्यापुरतं उचलायचं असतं, तेव्हा हीच पहार लागते आणि त्या कामाला वाकड्या बाराची लांबी कमी पडते. उचलताना मशीनखाली हात घालायचा नाही, आधी लाकडी ठोकळा सरकवायचा.

प्रश्न: सर, मी कोर्टातल्या कागदांचं मराठी-इंग्रजी भाषांतर करते. पंचनाम्यात लोखंडी कटावणी, लोखंडी टॉमी असे शब्द येतात. दोन्हीला क्रोबार लिहिलं तर चालेल का? आणि इंग्रजी बातम्यांमध्ये घरफोडीच्या संदर्भात जेमी आणि जिमी असं दोन्ही दिसतं, त्यात फरक काय? (वाचक, पंचवटी)

उत्तर: ताई, सरसकट क्रोबार लिहू नका. कटावणी म्हणजे कडीकोयंडा किंवा कुलूप उचकटायचा छोटा बार, त्याला ब्रिटिश इंग्रजीत जेमी आणि अमेरिकन इंग्रजीत जिमी म्हणतात, हत्यार एकच. जेम्स नावाच्या माणसाला लाडाने जी हाक मारतात तीच चोरांच्या बोलीत या हत्याराला पडली. जिमी क्रियापद म्हणूनही चालतं, दार उचकटलं या अर्थाने. टॉमीचं मूळ टॉमी बारमध्ये आहे, म्हणजे बॉक्स पान्याच्या भोकात घालून पाना फिरवायचा साधा लोखंडी दांडा, ट्रक-टेम्पोवाल्यांकडे असतो तो, आणि आपल्याकडे पुढे कुठल्याही तसल्या दांड्याला टॉमी म्हणायला लागले. म्हणून पंचनाम्यात लांबी, जाडी आणि टोकाचं वर्णन दिलेलं असतं ते जसंच्या तसं भाषांतरात न्या आणि मूळ मराठी शब्द एकदा तसाच ठेवा. हे जपायचं कारण सांगतो, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात योग्य कारण नसताना घरफोडीचं साधन जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, आणि कारण योग्य होतं हे ज्याच्याकडे सापडलं त्यालाच दाखवावं लागतं. खड्डे खणून पहार घेऊन रात्री घरी निघालेला मजूर आणि कटावणी घेऊन फिरणारा माणूस यांच्यासाठी तुम्ही एकच शब्द वापरला तर त्या मजुराला त्याचा त्रास होऊ शकतो.

प्रश्न: पॉवर सप्लायच्या माहितीत क्रोबार सर्किट असं लिहिलंय, तिथे बार कुठून आला? (आयटीआयचा विद्यार्थी, नाशिकरोड)

उत्तर: बार तिथे खरोखरचा नसतो. व्होल्टेज मर्यादेच्या वर गेलं की हे सर्किट पुढचं नाजूक सामान वाचवण्यासाठी सप्लायची दोन टोकं मुद्दाम शॉर्ट करतं, बहुतेक वेळा थायरिस्टर (इशारा मिळाला की चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) ऑन करून, मग फ्यूज उडतो किंवा सप्लाय स्वतःच करंट रोखतो. दोन बसबारवर, म्हणजे करंट वाहून नेणाऱ्या धातूच्या जाड पट्ट्यांवर, लोखंडी बार आडवा टाकला तर जसा शॉर्ट होईल तसा, म्हणून हे नाव. एक गोष्ट लक्षात ठेव, थायरिस्टर एकदा ऑन झाला की त्यातून जाणारा करंट जवळपास थांबेपर्यंत बंद होत नाही, त्यामुळे तपासताना आधी मेन बंद कर, व्होल्टेज का वाढलं ते शोध आणि नंतरच फ्यूज बदल, नाहीतर नवीन फ्यूजही लगेच जाईल.