१९६९च्या शेवरले कॅमेरोसाठी चाकं घेताय? आधी मोजायची टेप काढा

रिम आवडली म्हणून लगेच ऑर्डर देऊ नका. पहिल्या पिढीच्या कॅमेरोचा बोल्ट पॅटर्न ५ बाय ४.७५ इंच आहे, म्हणजे ४.७५ इंच व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट. फोर्ड मस्टँगची ५ बाय ४.५ची रिम तिला बसत नाही. हे तपासणं सोपं. खरी गोम बॅकस्पेसिंगमध्ये आहे, म्हणजे रिमच्या आतल्या कडेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. ते जास्त झालं तर टायर आत मागच्या पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) घासतो, कमी झालं तर बाहेर फेंडरच्या ओठाला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या कडेला.

म्हणून मागचं माप गाडीचं वजन चाकांवर असतानाच घ्या. जॅकवर लोंबकळणाऱ्या अ‍ॅक्सलचं माप फसवं असतं. आणि दोन्ही बाजू मोजाच! या जुन्या गाड्यांत अ‍ॅक्सल अगदी मध्यावर असेलच असं नाही; डावीकडे मोकळा बसणारा टायर उजवीकडे घासू शकतो. पुढच्या चाकांसाठी स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा.

माझं मत विचाराल तर पुढे १५x७ रिमवर (व्यास १५, रुंदी ७ इंच) २३५/६०आर१५ टायर (२३५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, १५ इंची रिमसाठी), मागे १५x८वर २५५/६०आर१५. मागच्या रिमचं बॅकस्पेसिंग साडेचार इंचांच्या आसपास ठेवा, पण शेवटचा शब्द तुमच्या टेपचा. कॅमेरोच्याच दमदार आवृत्तीला, मूळ झेड/२८लाही १५x७च रिम होत्या, त्यामुळे गाडीचा रुबाब तसाच राहतो. १७ इंची हव्याच असतील तर २४५/४५आर१७ बघा: व्यास सुमारे ६५२ मिमी, २३५/६०आर१५चा ६६३, म्हणजे टायरच्या उंचीत फारसा फरक पडत नाही. पॉवर स्टीअरिंग नसेल तर मात्र पुढे रुंद टायर टाळा, पार्किंग करताना खांदे भरून येतील.