पगाराच्या स्लिपमधले 126 रुपये

"मॅडम, कंपनीत सांगितलं तर काढून टाकतील. नाही सांगितलं तर हा असाच कामावर जाऊन मरंल. काय करू ते सांगा."

आजारपणानं अडलेल्या घरांशी बोलणं हे माझं काम. माझ्याकडे हा प्रश्न दर महिन्याला येतो. आजाराचं नाव तेवढं बदलतं. कधी पॅरालिसिस, कधी मणक्याचं ऑपरेशन, कधी कॅन्सर. त्या दिवशी टीबी होता. वैशालीताई (नाव अर्थात बदललंय) एकटीच आली होती. पिशवीतून तिनं छातीचा एक्स-रे काढला, मग खोकल्याच्या औषधाच्या तीन रिकाम्या बाटल्या. बाटल्या कशाला आणल्या ते तिलाही सांगता येईना. बहुधा 'आम्ही काहीच केलं नाही असं समजू नका' हे दाखवायचं असावं.

नवरा चौतीस वर्षांचा. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम, तेही ठेकेदाराकडून. दोन महिने खोकला, वजन आठ किलोनं उतरलेलं. खासगी डॉक्टर, तपासण्या, टॉनिक यांत अकरा हजार गेले. शेवटी सरकारी केंद्रात थुंकी तपासली तेव्हा टीबी निघाला. औषधं फुकट सुरू झाली. चौथ्या दिवशी लघवी लाल झाली म्हणून घाबरून त्यानं गोळ्या बंद केल्या. रिफाम्पिसिनमुळे तसं होतं, ते रक्त नसतं, एवढं सांगायला कुणाला वेळ मिळाला नव्हता. ती गाठ पाच मिनिटांत सुटली. पण गोळी तोंडात टाकून तो परत आठ तास लेथवर उभा राहत होता, आणि तिथं मला काही सुचत नव्हतं.

म्हणजे सुचायला हवं होतं. या कामाच्या पहिल्या काही वर्षांत मी अशा घरांशी भीतीबद्दल बोलायचे, झोपेबद्दल, चिडचिडीबद्दल. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचे. खोलीचं भाडं साडेचार हजार आणि बचत गटाचा हप्ता डोक्यावर असताना 'स्वतःची काळजी घ्या' हे वाक्य किती पोकळ लागतं, ते मला उशिरा कळलं. आता पहिल्या भेटीतच पगाराची स्लिप मागते.

दुसऱ्या वेळी दोघं आले. मी 'मदत' हा शब्द उच्चारला आणि तो खुर्चीत ताठ झाला. "सरकारचे पैसे घ्यायला आपल्याला काय हातपाय नाहीत का?" वैशालीताई खाली बघत होती. हा वाद घरी होऊन गेला असणार.

मी स्लिप मागितली. घामानं मऊ झालेली, चार घड्यांची. एकूण पगार 16,800. कपातीच्या रकान्यात पीएफ, आणि त्याखाली: ईएसआय, 126 रुपये.

"हे कसले कापतात?"

"कंपनीचं असतं काहीतरी."

नऊ वर्षं हे काहीतरी कापलं जात होतं. ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा. त्याची वर्गणी पगाराच्या पाऊण टक्का असते. जून 2019 पर्यंत ती पावणेदोन टक्के होती. मालकानं स्वतःच्या खिशातून वर सव्वातीन टक्के भरायचे असतात, म्हणजे याच्या बाबतीत 546 रुपये. मी टेबलावरचं कॅल्क्युलेटर त्याच्याकडे सरकवलं. त्यानं स्वतः गुणाकार केला, दोनदा. मग विचारलं, "मग इतकी वर्षं सर्दी-तापाला मी दोन-दोनशे रुपये का मोजत होतो?"

विम्याच्या दवाखान्यातल्या रांगेमुळे, हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं. पण त्याचा आवाज बदलला होता. लाज गेली, राग आला. मला तेवढं पुरेसं होतं. रागावलेला माणूस रांगेत उभा राहतो.

मग प्रश्नांची सरबत्ती. पैसे कोण देतं? कंपनी नाही, विम्याचं महामंडळ देतं, थेट बँक खात्यात. किती? आजारपणाच्या लाभात सरासरी रोजंदारीच्या 70 टक्के. त्याची रोजंदारी साडेपाचशेच्या आसपास धरली तर दिवसाला 385, रविवारसुद्धा धरून. महिन्याचे साडेअकरा हजार होतात. हातात येणाऱ्या पगारापेक्षा कमीच, पण भाडं निघतं, किराणा निघतो. किती दिवस? लागोपाठच्या दोन लाभ कालावधींत (एक कालावधी सहा महिन्यांचा) मिळून 91. पुढं काय? टीबी हा दीर्घ आजारांच्या यादीत आहे. या यादीत 34 आजार आहेत. सलग दोन वर्षं नोकरी आणि मागच्या चार वर्गणी कालावधींत (हेही सहा-सहा महिन्यांचे) किमान 156 दिवसांची वर्गणी असेल, तर 91 दिवसांनंतर 80 टक्क्यांनी वाढीव लाभ सुरू होतो, आणि तो दोन वर्षांपर्यंत लांबवता येतो. ही गोष्ट कामगारांपैकी फार थोड्यांना माहीत असते. मी तर म्हणेन, ठेकेदारांना ती माहीत असते आणि ते सांगत नाहीत.

आणि नोकरी? आजारपणाचा लाभ घेत असलेल्या किंवा उपचाराखाली असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढता येत नाही, शिक्षाही करता येत नाही. हे तेव्हा 1948 च्या कायद्याचं 73 वं कलम होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, त्यामुळे आज हा आकडा घेऊन भांडायला जाऊ नका. मी ते कलम मोठ्या अक्षरात लिहून दिलं. त्यानं तो कागद पाकिटात ठेवला. पुढं तो कुणाला दाखवायची वेळच आली नाही, पण पाकिटात होता.

यात एक अट आहे आणि तीच लोक चुकवतात. आजारी असल्याचा दाखला विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरचा लागतो. पहिला दाखला, मग ठरावीक दिवसांनी पुढचे, शेवटी फिटचा. इथं चूक माझी झाली. तो दिवस मंगळवार होता, मी सहज म्हणून गेले, "पुढच्या सोमवारी जाऊन या दवाखान्यात." तो बुधवारपासून घरी बसला. सोमवारी दाखला मिळाला तो सोमवारपासूनचा. मधल्या दिवसांसाठी त्यानं खासगी डॉक्टरची चिठ्ठी जोडली. अशी चिठ्ठी कधी मान्य होते, कधी नाही. याची झाली नाही. वर नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस तसेही बिनपैशाचे जातात. माझ्या एका 'सहज'मुळे त्या घराचे जवळजवळ दोन हजार बुडाले. वैशालीताईनं एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. महिनाभर मला तिच्या पोळ्यांच्या गिऱ्हाइकांची संख्या आठवत राहिली. मेसला पोळ्या लाटून ती घराला हातभार लावत होती. आता मी लोकांना सांगते: घरी बसायच्या आधी दवाखान्यात जा, आणि जाताना आधार, बँकेचं पासबुक, विमा क्रमांक बरोबर ठेवा.

वर्गणीचं प्रकरण वेगळंच निघालं. मोबाइलवर त्याचं विम्याचं खातं उघडलं तर एप्रिल ते सप्टेंबरच्या सहा महिन्यांपैकी चारच महिन्यांची वर्गणी दिसत होती. दोन महिने 126 रुपये कापले होते, भरले नव्हते. त्याचा चेहरा पडला. पण जानेवारी ते जूनमधल्या आजारपणासाठी आधीच्या एप्रिल-सप्टेंबरमधल्या फक्त 78 दिवसांची वर्गणी बघतात. चार महिन्यांत ते दिवस कधीच भरले होते. आणि समजा भरले नसते, तरी मालकानं कापून न भरलेल्या वर्गणीची शिक्षा कामगाराला नाही. महामंडळ लाभ देऊ शकतं आणि मालकाकडून वसूल करू शकतं. फक्त त्यासाठी स्लिपा जपून ठेवाव्या लागतात. वैशालीताईनं त्या दिवाळीच्या फराळाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या होत्या, नऊ वर्षांच्या, महिन्यावार. नवऱ्याला डब्याचा पत्ताच नव्हता.

कंपनीत काय सांगायचं, यावर मात्र मी मत दिलं नाही. संसर्गाचं तेवढं नीट सांगितलं: औषधं नियमित घेतली तर काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूप कमी होतो, तोवर घरी, तोंडाला रुमाल, खिडकी उघडी, आणि मुलांची तपासणी. त्यानं सुपरवायझरला सांगितलं, "फुफ्फुसाला सूज आहे." सगळ्या शॉपला दुसऱ्या दिवशी खरं काय ते कळलं होतं. लेथवर शेजारी उभं राहणाऱ्यानं दोन महिने तो खोकला ऐकला होता.

पंधरा-वीस दिवसांनी वैशालीताईचा फोन. सासूबाई म्हणतायत गावी पाठवा, सिन्नरकडच्या वस्तीवर हवा चांगली आहे, घरची अंडी, शेळीचं दूध. "नेऊ ना?"

एरवी मी आनंदानं हो म्हटलं असतं. पण लाभ घेणाऱ्या माणसानं दवाखान्याच्या उपचाराखाली राहायचं असतं आणि डॉक्टरला न विचारता तो भाग सोडायचा नसतो, असा नियम आहे. आजारी रजेवर असताना दुसरीकडे काम करतानाही कुणी दिसायला नको. काहींना हे जाचक वाटतं. मला अर्धं वाटतं. उरलेल्या अर्ध्याचं कारण असं की 'गावी आराम' म्हणून गेलेला माणूस कांदा काढायला वाफ्यात उतरलेला मी पाहिलाय. तर, घेऊन जा पण लिहून घ्या, असं सांगितलं. डॉक्टरनं बारा दिवसांची लेखी परवानगी दिली, गोळ्या आधी हातात मिळाल्या. तो गेला, अंडी खाल्ली, दीड किलोनं भरून आला.

पहिले पैसे आले तेव्हा त्यानं बँकेच्या मेसेजचा फोटो मला पाठवला. मेसेजचा स्क्रीनशॉट नव्हे, दुसऱ्या फोननं काढलेला फोटो, त्यात त्याचा अंगठाही होता. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी सरकारकडून मिळणारे तेव्हाचे महिना 500 रुपये वेगळे आले. नोव्हेंबर 2024 पासून ते हजार झालेत. ते घेताना त्याला लाज वाटली का, हे मी विचारलं नाही.

ज्यांच्या स्लिपवर ईएसआयचा रकाना नाही, किंवा स्लिपच नाही, त्यांना यातलं बरंचसं लागू होत नाही, हे मला मान्य आहे आणि त्याचा त्रासही होतो. पगार 21,000 च्या वर असेल तर सामान्य कामगार या योजनेबाहेर जातो. वर्गणी कालावधीच्या मधेच पगार वाढला तर तो कालावधी संपेपर्यंत मात्र आत राहतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालयातला खर्च भागतो, पण बुडालेला रोज कुणी भरून देत नाही. घरकाम करणारी बाई माझ्यासमोर बसली की माझ्याकडचे निम्मे कागद निरुपयोगी होतात. मग पुन्हा भीती, झोप आणि उधारी यांवरच बोलावं लागतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्याला फिटचा दाखला मिळाला. शेवटचे पाच-एक आठवडे वाढीव दरानं पैसे आले होते. औषधं अजून दोन महिने चालणार होती, पण लेथ चालवायला हरकत नव्हती. दाखला घेऊन तो मला भेटायला आला तेव्हा बरोबर दोघं होते: एक पोरगा, विशीतला, डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी, आणि त्या पोराचा मित्र.

"याला कुठं लागलं?"

"घरी," पोरगा म्हणाला. "दारात सापडली."

मित्रानं छताच्या पंख्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दार किती टनाचं होतं?"

पोरगा हसला आणि लगेच गप्प झाला. पॉवर प्रेस होती. ठेकेदारानं गाडीत घालून खासगी दवाखान्यात नेलं, टाके घातले, बिल भरलं आणि सांगितलं, घरी लागलं म्हण, पगार मी देतो. पहिल्या महिन्याचा दिला. दुसऱ्या महिन्यापासून फोन उचलत नव्हता.

मी त्याला सांगितलं की कामावरच्या दुखापतीत लाभ 90 टक्के असतो, त्याला 78 दिवसांची अट नाही, कामाचा पहिलाच दिवस असला तरी चालतं. बोटाची ताकद कायमची गेली असेल तर वैद्यकीय मंडळ ती टक्क्यांत मोजतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते, जन्मभर. कामावर येता-जाता झालेला अपघातही 2010 पासून यात येतो. पण 'घरी लागलं' असं एकदा कागदावर आलं की सगळं अवघड होतं. दवाखान्याच्या केसपेपरवर काय लिहिलंय, हे मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं.

"कुणी पाहिलं का?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग उजव्या हातानं मोबाइल काढला, अंगठ्यानं मागं मागं सरकवत गेला आणि माझ्यासमोर धरला. जमिनीवर पडलेला रक्ताळलेला हातमोजा, मागे प्रेसचं पिवळं गार्ड, उघडं. वर तारीख आणि वेळ. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं.

"फोटो यानंच काढला होता," तो मित्राकडे बोट दाखवत म्हणाला. "मला काय उपयोगाचा वाटला नाही."