वनस्पतींच्या ताण-संदेशांवर पीएचडी करायची तर रोजचं काम काय असतं?

तुमचा प्रश्न असा: एमएस्सी झालंय, पाणी तुटल्याचा निरोप झाडाच्या पेशींत कसा फिरतो यावर पीएचडी करायचीय, तर हाताला नेमकं काय काम लागतं? निम्म्याहून जास्त काम झाडं एकसारखी वाढवण्याचं असतं, हे आधीच ऐकून ठेवा.

पर्णरंध्रांचा, म्हणजे पानावरच्या उघडमिट होणाऱ्या सूक्ष्म छिद्रांचा, प्रयोग घ्या. पाणी कमी पडलं की पानात ॲब्सिसिक आम्ल, म्हणजे एबीए हे संप्रेरक, वाढतं. ते पीवायआर/पीवायएल या ग्राही (निरोप पकडणाऱ्या) प्रथिनांत बसतं (ही २००९ साली सापडली). मग ती ग्राही पीपी२सी फॉस्फेटेज या विकराला अडवतात, त्यामुळे एरवी त्याने दाबून ठेवलेलं आणि आता मोकळं झालेलं ओएसटी१ कायनेज हे विकर पेशीच्या पटलातलं स्लॅक१ चॅनेल (आयनांची वाट) उघडतं. ऋणायनं (ऋण भाराचे आयन) बाहेर पडतात, मागोमाग पोटॅशियम आणि पाणी. रंध्राच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशी सैलावतात, रंध्र मिटतं.

टेबलावर हेच असं दिसतं: चार-पाच आठवड्यांच्या, फुलाचा दांडा न आलेल्या ॲराबिडॉप्सिसच्या (प्रयोगशाळेत नेहमी वापरतात त्या छोट्या रोपाच्या) पानाचा खालचा पापुद्रा सोलायचा. १० मिलिमोलर एमईएस (पीएच स्थिर ठेवणारं बफर) आणि ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात (पीएच ६.१५) उजेडात दोन-अडीच तास ठेवायचा, म्हणजे रंध्रं उघडतात. मग एका ताटलीत १० मायक्रोमोलर एबीए, दुसरीत तेवढंच नुसतं इथेनॉल, कारण एबीए त्यातच विरघळवलेलं असतं. दोन तासांनी फोटो काढून इमेजजे या फोटो मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये रंध्राची रुंदी मोजायची, दर झाडाची किमान ३०-४० रंध्रं. ताटल्यांवरची नावं दुसऱ्या कुणाला तरी झाकायला सांगा, नाहीतर डोळा आपल्याला हवी तीच रंध्रं वेचतो. ओएसटी१ म्यूटंटही, म्हणजे ज्याचं ओएसटी१ जनुक बिघडलेलं आहे असं झाडही, सोबत हवा. एबीए घालून त्याचीही मिटली, तर कुठेतरी घोळ आहे.

रंध्रं उघडलीच नाहीत? झाड आधीच तहानलेलं असेल, किंवा तुम्ही दुपार उलटल्यावर सुरुवात केली असेल. मिटलीच नाहीत, तर एबीएच्या बाटलीवर संशय घ्या. अतिनील प्रकाशात त्याचा बराच भाग निष्क्रिय रूपात जातो. फॉइल गुंडाळून उणे २० अंशांवर ठेवा.

नकळत दिलेला ताण सगळ्यात जास्त छळतो. १९९० साली जेनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस यांनी ॲराबिडॉप्सिसवर संप्रेरकं फवारली, तेव्हा काही जनुकं जोरात चालू झाली. साधं पाणी फवारलं तरी तीच चालू झाली! स्पर्श पुरेसा होता. म्हणून ज्या झाडांवर काहीच करायचं नाही, तीही तितकीच हाताळायची.

कुंडीचं पाणी तोडण्याच्या प्रयोगात आणखी एक सापळा आहे. खुजा म्यूटंट पाणी कमी पितो, त्याची माती उशिरा वाळते, आणि तो 'दुष्काळ सोसणारा' म्हणून पेपरात जातो. कुंड्या रोज वजन करून मातीतला ओलावा सारखा ठेवा, किंवा दोन्ही जातींची झाडं एकाच कुंडीत लावा.

गाइड निवडताना मी पेपरांच्या यादीआधी ग्रोथ रूम पाहायला सांगेन. मातीवर चिलटं उडत असतील आणि तापमानाची नोंदवही कोरी असेल, तर दुसरा दरवाजा शोधा.