डी अँड डीच्या लढाईत एका टर्नमध्ये नेमकं काय काय करता येतं?

तुम्ही लिहिलंय की डी अँड डीचं, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाचं, पुस्तक दोनदा वाचूनही अ‍ॅक्शन, बोनस अ‍ॅक्शन आणि रिअ‍ॅक्शनचा हिशेब लागत नाही, आणि तुमचा डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट, राक्षस आणि नियम सांभाळणारा) दर रविवारी वेगळंच सांगतो. ते शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: टर्न वेगळा, राऊंड वेगळा. राऊंड म्हणजे खेळातली सहा सेकंदं. त्या सहा सेकंदांत राक्षसांसकट प्रत्येकाचा एकेक टर्न होतो. तुमच्या टर्नमध्ये चालणं आणि वार किंवा मंत्र असं एक मुख्य काम, म्हणजे अ‍ॅक्शन. बोनस अ‍ॅक्शन म्हणजे वर एक छोटं काम; ती प्रत्येकाला आपोआप मिळत नाही; एखाद्या मंत्राने किंवा तुमच्या क्लासने (पात्राच्या पेशाने) दिली असेल तरच असते. रिअ‍ॅक्शन म्हणजे समोरच्याच्या कृतीवर झटकन दिलेलं उत्तर; ती दुसऱ्याच्या टर्नमध्येही वापरता येते, पण एकदा वापरली की तुमचा पुढचा टर्न सुरू होईपर्यंत संपली. टर्न आणि राऊंड यांत गल्लत झाली की काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

२०१९ चा जुलै. कोथरूडमधला मित्राचा फ्लॅट, बाहेर धो धो पाऊस, आम्ही पाच जण. मी पाचव्या लेव्हलचा रोग (rogue), म्हणजे चोरटा, चपळ लढवय्या. माझी मामेबहीण क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर मंत्र टाकणारी. तिला या खेळात मीच ओढलं होतं आणि ते तिचं पहिलंच पात्र. आठ महिने एकच कागद वापरत होती. हिट पॉइंटच्या (पात्राच्या जिवाच्या आकड्याच्या) चौकोनात पेन्सिलीने लिहून, खोडून, परत लिहून कागदाला भोक पडलं होतं, त्यावर मागून चिकटपट्टी लावली होती.

त्या दिवशी ती शून्यावर आली, बेशुद्ध. तिच्या टर्नला डेथ सेव्ह (जगण्या-मरण्याचा फासा) टाकला, सहा पडले, म्हणजे एक अपयश. तीन झाली की पात्र मेलं. समोर एकच ओगर (धिप्पाड राक्षस) उरला होता, मी आणि आमचा फायटर (योद्धा) त्याला चिकटून उभे. माझ्या टर्नला मी त्याच्यावर स्नीक अटॅकसकट (रोगच्या वाराला मिळणारे जास्तीचे फासे) वार केला होता. मग ओगरचा टर्न आला आणि डीएमने त्याला आमच्या तावडीतून काढून सरळ तिच्याकडे चालवत नेलं.

शत्रू तुमच्या टप्प्यातून बाहेर पडायला लागला की रिअ‍ॅक्शन खर्चून त्याच्यावर एक वार करता येतो. त्याने आधी डिसएंगेज (जपून निसटणं) केलं असेल तर नाही. फायटरची रिअ‍ॅक्शन आधीच एका गॉब्लिनवर गेली होती, माझी शिल्लक होती. फाशावर १७, वर माझे ७, एकूण २४. ओगरचा एसी, म्हणजे वार बसायला लागणारी बेरीज, ११. वार बसला. रेपियर तलवारीचे तीन आणि डेक्स्टेरिटीचे (चपळाईचे) चार, झाले सात. मी स्नीक अटॅकचे तीन सहापैलू फासे उचलले तर डीएम म्हणाला, "ते नाही. या राऊंडला तुझा स्नीक अटॅक होऊन गेलाय."

मी म्हटलं, "दादा, पुस्तकात टर्न लिहिलंय, राऊंड नाही."

"पुस्तक नंतर बघू. खेळ अडवू नकोस."

ओगर वाचला, तिच्यापर्यंत पोचला आणि त्याने वार केला. बेशुद्ध माणसावर पाच फुटांच्या आत वार बसला की तो आपोआप क्रिटिकल (जबर वार) धरतात, आणि शून्यावर पडलेल्याला क्रिटिकल म्हणजे एकदम दोन अपयशं. एक होतंच. तीन झाली. रिव्हिव्हिफाय, म्हणजे मेलेल्याला उठवायचा मंत्र, येणारी आमच्यात एकटी तीच होती.

खेळ आवरल्यावर दादाने सांगितलं की ओगरचे तीन हिट पॉइंट उरले होते. तीन. तीन सहापैलू फाशांची कमीत कमी बेरीज तीनच येते. म्हणजे कसेही पडले असते तरी ओगर तिथल्या तिथे आडवा झाला असता.

घरी येऊन प्लेअर्स हँडबुकचं पान ९६ उघडलं. स्पष्ट लिहिलंय: टर्नला एकदा. ओगरचा टर्न हा वेगळा टर्न. म्हणून रोगला एका राऊंडमध्ये दोनदाही स्नीक अटॅक मिळू शकतो, एकदा स्वतःच्या टर्नला आणि एकदा रिअ‍ॅक्शनवर. त्यासाठी लपून बसावं लागतं हाही गैरसमजच. अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायची सवलत) असेल किंवा शत्रूच्या पाच फुटांत तुमचा धडधाकट साथीदार उभा असेल तर पुरे, फक्त हत्यार फिनेस (चपळाईने चालवायचं) किंवा लांबून मारायचं हवं. दादा चौथ्या आवृत्तीवर शिकलेला. २००८ च्या त्या पुस्तकात खरोखरच राऊंडला एकदा असं होतं. म्हणजे त्याची चूक कुठून आली ते मला कळतं. मी पानाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "टेबलावर डीएमचा शब्द शेवटचा."

मला हे अजिबात पटत नाही. डीएमचा शब्द शेवटचा असतो तो पुस्तक गप्प असेल तिथे. ते बोलत असेल तिथे पान उघडायला अर्धा मिनिट लागतो, आणि कुणाचं पात्र मरत असेल तर तो अर्धा मिनिट द्यायलाच हवा. तुमचा डीएम दर वेळी वेगळं सांगत असेल तर खेळ सुरू व्हायच्या आधी त्याच्याशी बोला, आणि आपापल्या क्लासचे नियम शब्दन् शब्द वहीत उतरवून टेबलावर ठेवा. स्वतःच्या हाताने. तेवढ्याने निम्मे वाद मिटतात.

हे सगळं २०१४ च्या पुस्तकांवरून लिहिलंय. २०२४ च्या सुधारित पुस्तकांत बरंच बदललंय, उदाहरणार्थ हीलिंग पोशन पिणं आता बोनस अ‍ॅक्शन आहे. स्नीक अटॅक मात्र अजून टर्नला एकदाच. तुम्ही कुठली पुस्तकं वापरता ते आधी बघा. आणि दादा बाकी डीएम उत्तम होता, इतकी माणसं एकट्याने उभी करणारा मी दुसरा पाहिला नाही.

बहीण त्यानंतर पुन्हा खेळायला बसली नाही. तो चिकटपट्टीचा कागद माझ्या पुस्तकात आहे, पान ९६ वरच. दादा, हे वाचत असशील तर तिला एक फोन कर. नंबर तोच आहे.