कानाबाहेर न डोकावणारे इअरबड्स: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

ह्या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न इअरबड्सचे होते, म्हणून हा अख्खा भाग त्यांनाच देतोय. मोबाईलचे, वॉशिंग मशीनचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

मी शिवाजी विद्यापीठात नोकरी करते, रोज केएमटीनं (कोल्हापूरच्या शहर बसनं) जाणं-येणं, डोक्याला स्कार्फ. माझे इअरबड्स दांडीवाले आहेत. स्कार्फ सोडला की एक तरी बाहेर येतोच, मागच्या महिन्यात गंगावेशीत बसमधून उतरताना डावा थेट गटारीत गेला. कान लहान आहेत माझे. कानातच मावतील, चपटे, रोज ऐकायला बरे असे कुठले घेऊ? (शिवाजी पेठ)

ताई, दांडीवाले इअरबड्स सगळीकडे झाले ते २०१६ नंतर, ॲपलनं फोनचं हेडफोन लावायचं भोक काढलं आणि ते पांढरे दांडीवाले एअरपॉड्स आणले तेव्हापासून, आणि मग सगळ्यांनी तोच आकार उचलला. सॅमसंगचे २०२१ चे गॅलेक्सी बड्स टू छान गोल होते, २०२४ ला बड्स थ्री आले तर त्यांनाही दांडी आली. दांडी नुसती दिसायला नसते, त्यात माईक तोंडाच्या जवळ येतो, अँटेना आणि बॅटरीला जागा मिळते. म्हणजे तुम्ही बिनदांडीचे घेताय तर ह्या तीन गोष्टींत थोडं थोडं सोडावं लागणार हे आधीच धरून चाला. फोनवर बोलताना बसच्या गोंगाटात समोरच्याला तुमचा आवाज जरा लांबून येईल, बॅटरी छोटी राहील आणि फोन पर्समध्ये तळाला असला तर कधीमधी आवाज तुटेल. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर आणि ती लहर अंगातलं पाणी शोषून घेतं, म्हणून फोन मागच्या खिशात किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये असला की अडखळतं. पर्स पुढं घेतली तरी फरक पडतो, करून बघा.

आता घ्यायचं काय. मी दुकानात गेलो की कंपनी शेवटी बघतो, आधी खोक्यातली, कानात जाणारी रबरं बघतो. सोबत तीन साईजची रबरं असतात आणि आपण काय करतो, मधली लावलेली असते तीच आयुष्यभर वापरतो! तुमचे कान लहान आहेत तर सगळ्यात छोटी लावा, आणि दोन्ही कानांना एकच साईज लागेल असं अजिबात नाही, माझ्या डाव्याला छोटी लागते आणि उजव्याला मधली. नीट बसलंय का बघायची माझी पद्धत साधी आहे. दोन्ही लावा आणि तोंड मिटून ‘म्म्म’ करा, आवाज डोक्यातच घुमल्यासारखा आला तर कान बंद झालाय. मग तबला असलेलं काहीही लावा आणि डग्गा ऐका. डग्ग्याची घुमार पोटातून आल्यासारखी ऐकू आली तर बसलं, नुसती चाटीची टकटक आली आणि डग्गा गायब झाला तर कुठून तरी हवा जातेय, रबर बदला. महागातले महाग इअरबड्स सुद्धा सैल बसले की पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात आणि मग लोक म्हणतात कंपनी भिकार आहे.

आणि हे बसणं मला आवाजाच्या दर्जापेक्षा दुसऱ्या एका कारणानं फार महत्त्वाचं वाटतं. सैल बसलं की बसचा घरघराट आत येतो, तो झाकायला आपण आवाज वाढवतो, उतरल्यावर कमी करायचा विसरतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते ते असं, मोठ्या माणसाला आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, त्याच्या वर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. तुमचा रोजचा तास-दीड तास जाऊन-येऊन धरला तर आठवड्याचे ७-८ तास होतात, म्हणजे बसमध्ये जोरात ऐकलं तर कोटा तिथंच संपला, घरी ऐकायला काही शिल्लक राहत नाही. नीट बसलेला छोटा इअरबड हा ह्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

नावं विचारलीत म्हणून दोन सांगतो. सोनीचे डब्ल्यूएफ-सी५१० हे दांडी नसलेले, एकेक साधारण साडेचार ग्रॅमचा, नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा आवाज मारायची सोय) नाही पण त्यामुळंच एका चार्जिंगला ११ तास सांगतात, आणि मुख्य म्हणजे ह्याला खरं बटण आहे. स्कार्फवाल्यांना टचचा फार त्रास होतो, कापड घासलं की गाणं बंद, कापड घासलं की फोन उचलला. (टचवाले घेतलेच तर ॲपमध्ये जाऊन टच बंद करून टाका.) दुसरे सोनीचेच लिंकबड्स एस, तेही पाच ग्रॅमच्या आतले, नॉइज कॅन्सलिंग आहे आणि ते चालू ठेवलं की बॅटरी ६ तासांच्या आसपास. रोजच्या केएमटीसाठी मी तुमच्या जागी असतो तर पहिले घेतले असते, पण बसचा आवाज फारच डोक्यात जात असेल तर दुसरे. बोट, नॉइज, बोल्ट ह्या कंपन्यांच्यातही बिनदांडीचे कमी पैशात मिळतात, तिथं मात्र मॉडेल सारखी बदलतात म्हणून नाव सांगून उपयोग नाही, कानात घालूनच बघा. राजारामपुरीत दुकानं आहेत की भरपूर, डेमो पीस मागा, तो देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

एक सांभाळा, हातगाडीवर अगदी ओरिजिनलसारखे दिसणारे मिळतात ते नको. खोक्यावर बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) आर-नंबर असतो, बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो. आत लिथियमची बॅटरी आहे आणि ती आपण कानात घालतोय. सेकंडहँडही नको, ह्या बॅटऱ्या बदलता येत नाहीत म्हटलं तरी चालेल, दोन-तीन वर्षांत दमतात, म्हणजे तुम्ही दुसऱ्यानं दमवलेली घेणार.

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीला सुपरवायझर आहे. फेटलिंगचा (ओतलेले जॉब घासून-ठोकून साफ करायचा) आवाज फार असतो. इअर मफ घातला की घामानं जीव जातो. नॉइज कॅन्सलिंगवाले छोटे इअरबड्स घातले तर कान पण वाचतील आणि गाणी पण होतील असं पोरं म्हणतात. घालू का? (नागाव)

नका घालू दादा.

नॉइज कॅन्सलिंग चालतं कसं तर बाहेरचा आवाज माईकनं ऐकायचा आणि त्याच्या बरोबर उलटी लहर आत सोडायची, दोन्ही एकमेकाला खातात. एकसुरी खालच्या पट्टीच्या आवाजाला हे झकास चालतं, पंखा, बसचं इंजिन, रेल्वेचा डबा. तुमच्या शेडमध्ये काय आहे, ग्राइंडरची किंचाळी आणि हातोड्याचा ठोका. किंचाळी वरच्या पट्टीतली, तिथं ही युक्ती कमी पडते, आणि ठोका तर उलटी लहर तयार व्हायच्या आत कानावर आदळलेला असतो. आणि इअरबडवर किती डेसिबल अडवतो हे कुणी सुरक्षेच्या हिशोबानं मोजून लिहून दिलेलं नसतं. इअर प्लगच्या पाकिटावर तो आकडा छापलेला असतो. कारखान्याच्या नियमात ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा आहे, फेटलिंग त्याच्या सहज वर जातं, त्यात तुम्ही वरून गाणी घालणार म्हणजे आवाजावर आवाज. आणि क्रेनचा भोंगा, मागून येणारी फोर्कलिफ्ट, ते ऐकू कसं येणार?

माझे वडील उद्यमनगरात एका वर्कशॉपात २६ वर्षं लेथवर आणि ग्राइंडिंगला होते. तेव्हा कापसाचे बोळे घालायचे लोक कानात, तेवढंच. पन्नाशीला आई दारातून हाक मारायची ती त्यांना ऐकू यायची नाही, बायकांचे आणि पोरांचे आवाज आधी गेले कारण वरची पट्टी आधी जाते, आणि नातीचं बोलणं त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही हो, आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मेल्या की मेल्या.

घामाचा त्रास खरा आहे, पण त्याला उपाय फोमचे प्लग. बोटानं वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर ओढून आत सारायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. हात मात्र धुतलेले पाहिजेत, वाळूचे हात कानात नकोत. पाळी सुटली की घरी जाऊन गाणी ऐका, आणि त्या दिवशी हळू आवाजात ऐका, कानाला आधीच मार बसलाय.

मी तालमीत आहे, दोन्ही कान मोडलेत. कुठलेच बड्स बसत नाहीत, सकाळी रंकाळ्याला पळताना पडतात. (गंगावेश)

पैलवान, हा प्रश्न कोल्हापुरातच यायचा! मोडलेल्या कानात होतं काय तर घासून, दाबून कूर्चा आणि तिच्यावरचं आवरण ह्यांच्यामध्ये रक्त साठतं, ते वेळेत काढलं नाही की तिथंच घट्ट होतं आणि कानाची वाटी भरून जाते. बिनदांडीचे चपटे बड्स नेमके त्या वाटीत बसतात आणि तुमच्याकडं वाटीच नाही राहिलेली, म्हणजे तुम्हाला ते जमणार नाहीत, उगाच दाबून बसवू नका. भोक उघडं असेल तर बारीक नळीवाले आणि फोमची रबरं लावून बघा, फोम आपल्या आकाराचा होतो. नाहीतर सरळ हाडातून ऐकवणारे घ्या, ते कानाच्या पुढं गालाच्या हाडावर बसतात, मागून एक पट्टी असते म्हणून ह्या सदराच्या हिशोबानं ते ‘ट्रू वायरलेस’ (दोन्ही बड पूर्ण सुटे) नाहीत, पण पळताना पडत नाहीत आणि भोक मोकळं राहिल्यानं मागून येणारी गाडी ऐकू येते. डग्गा मात्र त्यात दुबळा लागतो.

कान ताजा सुजलेला असेल, मऊ लागत असेल, तर इअरफोनचा विचार सोडा आणि आजच्या आज कान-नाक-घसावाल्याकडं जा.

पावसात चालतील का? खोक्यावर आयपीएक्स४ लिहिलंय. (फुलेवाडी)

४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे चालतात. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. तो ‘एक्स’ असतो तिथं धुळीचा आकडा असतो, एक्स म्हणजे धुळीची परीक्षा घेतलेली नाही. आपल्या जुलैच्या पावसात छत्रीखाली ४ ला काही होत नाही, पण हे सगळं स्वच्छ पाण्याचं आहे, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन त्यात धरलेलं नाही, घामाचं मीठ पण वेगळं. आणि चार्जिंगच्या डबीला बऱ्याचदा हा नंबर नसतोच! ओले बड्स तसेच डबीत टाकले की चार्जिंगच्या पिना हिरव्या पडतात, माझा एक जोड असाच गेला. पुसायचे, दहा मिनिटं उघड्यावर ठेवायचे, मग डबीत. जाळीत मळ बसला की एका बाजूचा आवाज कमी येतो, तो कोरड्या मऊ ब्रशनं काढा, सॅनिटायझर नको.

हेल्मेटच्या आत दांडी टोचते, बिनदांडीचे घेतले तर गाडीवर गाणी ऐकता येतील ना? (कावळा नाका)

हेल्मेटमध्ये मावतील. पण गाडीवर ऐकू नका, एका कानात सुद्धा नको. मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू यायलाच पाहिजे, ह्यावर माझ्याकडं दुसरं उत्तर नाही.

वय ७१. आमच्या घरी अल्लादिया खाँसाहेबांच्या घराण्याचं गाणं ऐकायची रीत आहे, खाँसाहेब इथल्याच दरबारी होते. नातवानं छोटे इअरबड्स दिले. जुन्या तबकड्या मोबाईलवर ऐकतो. दोन्ही कानांत घालू की एकात? नातू म्हणतो चांगला कोडेक (ब्लूटूथवरून आवाज आवळून पाठवायची पद्धत) नाही म्हणून आवाज खरखरतो. (मंगळवार पेठ)

काका, नातवानं दिलेले इअरबड्स तुम्ही वापरताय हे वाचून फार बरं वाटलं. कोडेकचा ह्यात दोष नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, खरखर त्या लाखेतच आहे. सोनीचा एलडॅक कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो, पण तो ती खरखरच अजून स्वच्छ ऐकवेल. तुमच्या फोनमध्ये जे साधं एसबीसी किंवा एएसी आहे ते पुरेसं आहे. आणि ती ध्वनिमुद्रणं मोनो आहेत, स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास, त्यामुळं एका कानानं ऐकलं तरी सुराचा तुकडा निसटत नाही.

तरीपण घरात असाल तर दोन्हींत घाला. दोन्ही कानांनी तोच आवाज ऐकला की तो मोठा लागतो, म्हणजे तुम्हाला बटण खाली आणता येतं, ह्या वयात तेवढंच कान जपणं. देवळाला जाताना, रस्त्यावर असताना एकच, आणि तो रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या कानात. नवीन स्टिरिओ ध्वनिमुद्रण एका कानानं ऐकायचं असेल तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ आहे, नातवाला सांगा चालू करून द्यायला, नाहीतर तंबोरा एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला बसाल. आणि आवाज पुढं पुढं वाढवावा लागतोय असं दिसलं, किंवा घरातले म्हणायला लागले की हाक ऐकू येत नाही, तर इअरबड्स बदलत बसू नका, ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं त्याची तपासणी) करून घ्या. अर्ध्या तासाची तपासणी असते, काही टोचत नाहीत, नातवाला घेऊनच जा.