एजीव्ही घेण्याआधी मशीन कशासाठी थांबतंय ते बघा

तुम्ही विचारलंय की चाकणच्या तुमच्या मशीन शॉपमध्ये माल हँड पॅलेटने फिरतो, मालक दोन एजीव्ही, म्हणजे माल वाहणाऱ्या विनाचालक गाड्या, घ्यायचं म्हणतायत, तर उत्पादन वाढेल का. माझं मत, इतक्यात घेऊ नका.

आधी एक शिफ्ट कागद घेऊन लाइनवर उभे राहा. मशीन थांबलं की कारण लिहायचं. 'माल नाही' आणि 'पुढे ठेवायला जागा नाही' ही दोनच कारणं वाहतुकीची. सेटिंग, टूल बदल, इन्स्पेक्शनसाठी थांबलेलं मशीन एजीव्हीने चालू होत नाही.

8 तासांतून चहा-जेवणाचा अर्धा तास काढला की 27,000 सेकंद उरतात. 450 नग हवे असतील तर दर 60 सेकंदांना एक निघायला हवा. मध्येच एखाद्या मशीनचा सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, 75 सेकंद असेल, तर माल कितीही झपाट्याने आणा, त्याच्यापुढे ढीगच लागणार.

खरी गोम बिनमध्ये, म्हणजे नग ठेवायच्या पेटीत असते. 400 नगांची बिन भरल्यावरच हलवायची म्हटलं, तर 60 सेकंदांच्या हिशोबाने पहिला नग 6 तास 40 मिनिटं नुसता पडून राहतो. 20 नगांची बिन केली तर 20 मिनिटं. पण मग फेऱ्या वीसपट होतात, आणि ऑटोमेशनची गरज इथे लागते. शेजारशेजारच्या मशीनना मोटरसुद्धा नको, ग्रॅव्हिटी रोलर, म्हणजे उतारावरचे फिरते रूळ, पुरतो. भरलेली बिन वरून पुढे, रिकामी खालच्या रोलरवरून उलट्या उताराने मागे. बिनचा तळ मात्र सपाट आणि टणक हवा, चेपलेली बिन मध्येच अडकते. शेवटी स्टॉपर लावा, नाहीतर मशीन केलेल्या फेसवर डेंट पडतील.

एजीव्ही शोभते ती स्टोअर ते लाइन अशा लांबच्या, ठरलेल्या फेऱ्यांना. तिथेही गँगवेत (ये-जा करायच्या वाटेत) कुणी पॅलेट टाकून गेलं की ती सेन्सरने जागीच थांबते. चुंबकीय टेपवर चालणारी असेल तर फोर्कलिफ्टच्या चाकांनी टेप उखडते, आणि चिप्स (धातूचा कीस) नि कूलंटचा (कटिंगच्या वेळी सोडायच्या थंड द्रवाचा) त्रास वेगळाच. व्हेंडरला सांगा, ट्रायल आमच्याच गँगवेत, भरलेल्या ट्रॉलीसकट, सेकंड शिफ्टला द्या.

आणि खरा हेतू हेल्पर कमी करायचा असेल, तर तो दिवसभर आणखी काय काय करतो ते मालकांना आधी दाखवा. चिप्स काढणं, टूल आणून देणं, बिन पुसणं, हे सगळं उद्या ऑपरेटरच्या गळ्यात पडेल.

प्रत्येक मशीनचा सायकल टाइम आणि बिनमधले नग इथे टाका, रोलर कुठे लावायचा ते बघू.